कुंडीत पुरलेलं मडकं: वाळवंटी शहरात हिवाळा ते उन्हाळा वापरल्यावर

थंडीच्या तोंडावर बाल्कनीतल्या मोठ्या कुंड्यांत पाझरणारी मडकी पुरली होती. आता कडक उन्हाळाही सरत आलाय, म्हणून सविस्तर लिहितोय. मी पाचपैकी साडेतीन तारे देईन. बाकीचे कुठे गेले ते पुढे येईलच.

झिलई नसलेलं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाणी भरायचं, वर झाकण. भोवतालची माती सुकली की ती मडक्याच्या बारीक छिद्रांतून पाणी ओढते. माती ओली असली की पाझर आपोआप मंदावतो. ना टायमर, ना वीज. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या चिनी शेतीग्रंथात ही पद्धत सापडते, त्यामुळे ‘नवं तंत्रज्ञान’ वगैरे जाहिराती वाचून हसू येतं. खरा फायदा असा की कुंडीतला वरचा थर कोरडा राहतो. कोरड्या हवेत वरून शिंपडलेलं बरंचसं पाणी मुळांपर्यंत पोचायच्या आत उडून जातं, ते इथे वाचतं. मातीवर घोंघावणारी चिलटंही जवळजवळ गेली.

पुदिना आणि मोगरा या मडक्यावर जाम खूश. टोमॅटोही थंडीभर छान लागले. पण सगळ्या झाडांना हा लाड मानवत नाही. अडेनियम मुळात अरबस्तान आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. पाणी त्याच्या फुगीर बुंध्यातच साठलेलं असतं. त्याला सतत ओल दिली तर मुळं कुजतात. कोरफड, निवडुंग यांचंही तेच. बोगनवेलीची गंमत वेगळी: ती मरत नाही, पण भरपूर पाणी मिळालं की नुसती पानं काढत सुटते. तिला थोडं तहानलेलं ठेवलं की रंग दिसतो. तिच्या कुंडीतलं मडकं मी काढून टाकलं.

आता उन्हाळा. इथे मडकं कमी पडतं, आणि दोष त्याचा नाही. पारा पस्तिशीच्या पुढे टिकून राहिला की टोमॅटोची फुलं गळतात, परागकण निकामी होतात. मुळाशी कितीही ओल असो, फळ धरत नाही. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत दुपारी माती इतकी तापते की कडेची मुळं भाजतात. मडकं भरायचं तर पहाटे, कारण दिवसा टाकीतून येणारं पाणीच कढत असतं. पुदिना वाचला तो कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवल्यामुळे आणि वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधल्यामुळे. खरं सांगायचं तर जाळीने मडक्यापेक्षा जास्त झाडं वाचवली. पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी जाळी घ्या.

वाळवंटात बागेचं वर्षच उलटं चालतं हे मनाशी पक्कं केलं की चिडचिड संपते. पेरणी ऊन उतरल्यावर, बहर थंडीत, आणि उन्हाळ्यात फक्त जगवायचं. मडक्याची गंमत अनुभवायची असेल तर ऊन उतरलं की पुरा, मे महिन्यात नको.

अर्धा तारा क्षारांनी खाल्ला. पाणी जड असेल तर मडक्याच्या गळ्यावर पांढरे थर चढतात, हळूहळू छिद्रं बुजतात आणि पाझर कमी होतो. हंगाम संपला की मडकं उपसून पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवायचं, ब्रशने घासायचं. जरा कटकट आहे. शिवाय क्षार ओलाव्याच्या कडेला आणि मातीच्या वरच्या थरात साचतात, म्हणून अधूनमधून वरून भरपूर पाणी ओतून ते खालच्या भोकांतून वाहून जाऊ द्यावे लागतात. पाणी वाचवायचं म्हणून हे टाळलं तर पानांच्या कडा करपतात.

लहान कुंडीत मडकं घेऊच नका, मुळांचीच जागा जाते. झाकणावर चिमणी बसवलेली मडकी दिसायला गोड, काम तेवढंच. झाकण घट्ट बसतंय ना, ते मात्र घेतानाच बघा. सैल असलं की आत डास अंडी घालतात.