वुडकॉकच्या हंगामात कुत्र्याच्या गळ्यात काय बांधावं: पितळी घंटी की जीपीएस कॉलर?

अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तर भागात पॉइंट धरणारा, म्हणजे पक्ष्याचा वास लागताच जागीच थिजून उभा राहणारा कुत्रा घेऊन वुडकॉकच्या शिकारीला निघणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच हंगामात पडतो. हा पक्षी गांडुळांवर जगतो, त्यामुळे ओलसर जमिनीवरची कोवळी अ‍ॅस्पेन आणि अ‍ॅल्डरची गच्च झुडपं ही त्याची हक्काची जागा. तिथे चार हातांवरचा कुत्राही दिसत नाही. तो पक्ष्यासमोर थिजून उभा राहिला की आपल्याला कळायचं कसं, सगळी अडचण एवढीच आहे.

मी दोन्ही वापरलं आहे. जीपीएसची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. कुत्रा थांबला की कॉलरशी जोडलेलं हातातलं यंत्र थरथरतं, बाण दिशा दाखवतो, अंतर सांगतो. वारा सुटलेला असो की शेजारी ओढा खळखळत असो, काही फरक पडत नाही. हरणामागे धावलेला कुत्रा संध्याकाळी शोधायची वेळ आली, तर याच्याइतका दिलासा दुसरा नाही.

माझं बिनसलं ते मात्र शेवटच्या वीस पावलांत. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात यंत्र. पाय बाणामागे, नजर पडद्यावर. झाडीखाली बाण मध्येच डगमगतो, म्हणून पुन्हा खाली बघायचं. वुडकॉक दडून बसणारा पक्षी, अगदी पायाशी येईपर्यंत हलत नाही. आणि उठतो तेव्हा सरळ वर, फांद्यांमधून. पंखांच्या टोकाची अरुंद पिसं वाऱ्यात किणकिणतात, शेंड्यापाशी तो क्षणभर अडखळल्यासारखा होतो, मग आडवा वळून निघून जातो. बार टाकायची संधी त्या क्षणाची. त्या वेळी डोळे पडद्यावर असले तर संधी जाते हे एक वेळ सोडा. बंदुकीची नळी कुठे वळली आहे याचं भान सुटतं, आणि ते मला अजिबात चालत नाही. यंत्र खिशात ठेवून बघितलं, पण थरथर झाली की हात आपसूक खिशाकडे जातोच.

घंटीत ही भानगड नाही. डोळे वर मोकळे राहतात, काम कान करतात. शिवाय घंटी नुसता ठिकाणा सांगत नाही. कुत्री मोकळी धावते तेव्हा नाद भरभर येतो, वास लागला की सावकाश, तुटक होतो आणि मग थांबतो. तो तुटकपणा ऐकतानाच मी जागा धरून चालायला लागतो, बंदूक दोन्ही हातांत. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, थंड उत्तरेचा वारा सुटलेल्या रात्रीनंतर, काल रिकाम्या असलेल्या झाडीत दक्षिणेकडे लुइझियानाच्या वाटेवर असलेले पक्षी उतरलेले असतात. तेव्हा पॉइंटमागून पॉइंट मिळतात, आणि अशा सकाळी दर वेळी यंत्र काढत बसणं फारच जिवावर येतं. रोजची मर्यादा तीन पक्ष्यांची असली, तरी सगळी मजा कुत्रीचं काम पाहण्यात आहे.

अर्थात माझी कुत्री ब्रिटनी जातीची, जवळ राहून शोधते, म्हणून माझं जमतं. लांब पल्ल्याचा इंग्लिश पॉइंटर असेल तर घंटी लवकरच ऐकू येईनाशी होईल. बारीक, तीव्र आवाज ज्यांना नीट ऐकू येत नाहीत त्यांनी निदान जाड आवाजाची घंटी घ्यावी. तिच्यात ओली पानं अडकून नाद बसतो, तेव्हा मधूनमधून बोट घालून ती साफ करावी लागते. काहींच्या मते घंटीने ग्राउस हा शिकारीचा दुसरा पक्षी आधीच सावध होतो. त्यात तथ्य असेलही, वुडकॉकच्या बाबतीत मला तरी तसं जाणवलेलं नाही.

मिशिगनच्या अगदी उत्तरेकडच्या अपर पेनिन्सुलात, जिथे लांडगे आहेत, तिथे मी दोन्ही बांधतो. पण कॉलरचं यंत्र पाठपिशवीत, बंद चेनमागे. कुत्री हरवल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. पहिल्या हंगामात एकाचेच पैसे असतील आणि कुत्रा जवळ फिरणारा असेल, तर घंटी घ्या असंच मी म्हणेन.