सशाचं खाणं मागवायला गेले आणि २०,५५९ रुपये घालवून बसले

आधीच सांगते, हसायचं असेल तर हसून घ्या, घरात सगळ्यांचं हसून झालंय. मी एका कंपनीत अकाउंट्स बघते, चौदा वर्षं झाली. जीएसटी रिटर्न्स मी भरते, व्हेंडरची बिलं मी तपासते, कुणी रिक्षाचे पन्नास रुपये जादा लावले तरी मला वासानं कळतं. आणि मीच एका चोराला चार वेळा मिळून २०,५५९ रुपये पाठवले, तेही सशासाठी.

सशाचं नाव भोपळ्या. लेकीनं ठेवलंय, टुणुक टुणुक उड्या मारतो म्हणून. तर त्याचं टुणुक बंद झालं. आधी नुसता डावा कान झटकायचा, मागच्या पायानं खाजवायचा, मला वाटलं केस गळतायत म्हणून असेल. मग एका सकाळी बघते तर मान डावीकडे पार कललेली, एक डोळा छताकडे एक फरशीकडे, दोन पावलं टाकली की कलंडायचा. आम्ही पुण्यात धायरीत राहतो आणि ससे बघणारे डॉक्टर सापडले थेट औंधला, कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत पण ससा म्हटलं की 'आम्ही एक्झॉटिक बघत नाही'. कानाच्या आतल्या भागात इन्फेक्शन निघालं. सशाचा पू वाहून जात नाही, टूथपेस्टसारखा घट्ट असतो, आतच बसून राहतो, म्हणून औषध चार ते सहा आठवडे चालणार, मधेच बरा दिसला तरी थांबवायचं नाही. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी दोनदा सांगितली, याचं पोट थांबता कामा नये. ससा दहा-बारा तास उपाशी राहिला की आतडी ठप्प व्हायला लागतात, आणि मग कान राहतो बाजूला, तो पोटानंच जातो. खात नसेल तर सिरिंजनं भरवा, बाहेरून येणारी रिकव्हरी पावडर मिळाली तर आणा, नाही मिळाली तर मला फोन करा.

हे 'मला फोन करा' मी विसरले. म्हणजे विसरले नाही, शुक्रवारी रात्री साडेदहाला डॉक्टरांना कसा त्रास द्यायचा म्हणून केला नाही. चोराला मात्र केला.

त्या रात्री भोपळ्यानं कोथिंबिरीकडेही तोंड फिरवलं होतं. नेहमीच्या दुकानात पावडर संपलेली, सगळीकडे 'पाच ते सात दिवसांत मिळेल'. इन्स्टाग्रामवर एक पेज सापडलं, फक्त ससे, गिनीपिग आणि पक्ष्यांचं सामान, अकरा हजार फॉलोअर, डिलिव्हरीचे व्हिडिओ, खाली 'थँक्यू सर, माय बनी इज ईटिंग नाऊ' वगैरे. मेसेज केला तर दोन मिनिटांत उत्तर. माणूस हिंदीत बोलायचा, अगदी अदबीनं, सशाचं वजन किती, कुठला कान, औषध कुठलं चालू आहे, सगळं विचारलं. दोन पाकिटं पावडर, एक किलो टिमोथी गवत, बंगलोरहून विमानानं, शनिवारी संध्याकाळी घरपोच, २,३४० रुपये. पाठवले. एवढं तर कुणीही पाठवलं असतं, नाही का?

शनिवारी सकाळी म्हणे पार्सल एअरपोर्टवर आहे, ट्रान्झिट इन्शुरन्सचे ३,५०० लागतील, डिलिव्हरी झाली की पूर्ण परत. पाठवले. त्याच फोनवर त्यानं वरून सल्ला दिला, तोवर घरात मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप असेल तर दोन एमएल पाजा, कानाचा त्रास लगेच उतरेल. फ्रिजच्या दारात लेकीचं तेच सिरप अर्धं उरलेलं होतं, मी बाटली हातात घेतलीही. ती ठेवली एवढ्याचसाठी की डॉक्टरांच्या कागदावर लाल पेनानं लिहिलेलं होतं, पेनिसिलिन गटातलं काहीही तोंडातून द्यायचं नाही. सशाच्या पोटातले उपयोगी जंतूच त्यानं मरतात आणि ससा जातो. म्हणजे सशाचं सामान विकणारा माणूस मला माझा ससा मारायचा सल्ला देतोय, आणि मी मनात काय म्हटलं असेल? 'जाऊ दे, दुकानदार आहे, डॉक्टर थोडाच आहे.' (ज्यांच्या घरी ससा आहे त्यांनी एवढं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, उरलेली माणसांची औषधं सशाला नाहीत.)

पण मला रात्री दोनला उठवतो तो हा प्रसंग नाही. दुपारी बाराला त्याचा फोन आला, मॅडम, माल दुसऱ्या राज्यातून येतोय, ई-वे बिल बनवावं लागेल, ४,७२० रुपये. ई-वे बिल म्हणजे माल इकडून तिकडे नेताना लागणारा जीएसटीचा कागद! अहो, मी आठवड्याला दहा ई-वे बिलं काढते. ते दुसऱ्या राज्यातल्या मालाला पन्नास हजारांच्या वर लागतं, पोर्टलवर फुकट निघतं, आणि काढतो विकणारा नाहीतर ट्रान्सपोर्टवाला, गिऱ्हाईक नाही. २,३४० च्या मालाला ई-वे बिल! ऑफिसमधे कुणी हे म्हणालं असतं तर मी चहा सांडेपर्यंत हसले असते.

मग तेव्हा का नाही सुचलं? कारण मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले होते, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला ससा, डोळ्यांची बुबुळं अशी डावी-उजवी हलतायत, एका हातात सिरिंज, खांद्यात फोन अडकवलेला, आणि रात्रभरात जेमतेम दीड तास झोप. आदल्या संध्याकाळपासून त्यानं पाच लेंड्या टाकल्या होत्या, मोजल्या होत्या मी. तो माणूस म्हणाला 'फ्लाइट एक बजे है', मी सिरिंज दातात धरली आणि पैसे पाठवले. लालूच नव्हती हो मला, लॉटरी लागली म्हणून पाठवले नाहीत. नवरा म्हणतो एकच प्रश्न विचारायला हवा होतास, इनव्हॉइस नंबर काय. त्याला म्हटलं तू होतास ना घरात, मॅच बघत होतास.

संध्याकाळी पाचपर्यंत काही आलं नाही. मी आवाज चढवला, ऑर्डर कॅन्सल, पैसे परत करा. तो लगेच तयार! १०,५६० झालेत ना मॅडम, सिस्टिममधून दहा हजारांच्या वर एकदम जात नाहीत, ९,९९९ आणि मग ५६१ असे दोन क्यूआर पाठवतो, स्कॅन करा. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी स्वतः सासूबाईंना शिकवलंय, दोनदा. आणि मी पिन टाकला. खात्यातून ९,९९९ गेले, आणि तो वर म्हणतो उलटं झालं वाटतं, परत एकदा करा. तेव्हा कुठे डोकं ताळ्यावर आलं.

आता पुढचं ऐका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला ५:५० ला, चौथ्या वेळी लागला ६:२५ ला. तिथली मुलगी चांगली होती, पटापट लिहून घेतलं, पण चारही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा ओळख क्रमांक) हाताशी ठेवा, नाहीतर शोधण्यातच दहा मिनिटं जातात. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाकली. बँकेच्या हेल्पलाइनवर सांगितलं की पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार ऑथराइज्ड आहे. शाखेत जायचं तर तो दुसरा शनिवार, बंद. सोमवारी हाफ डे टाकून गेले तर साहेब म्हणाले आधी पोलिसांचं पत्र आणा. चौकीत गेले तर म्हणाले आधी बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा, आणि तसंही हे सायबरचं काम, तिकडे जा. तिकडे गेले तर रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतल्या चौकीतच घेतील. तीन दिवस मी ही खो-खो खेळले. शेवटी चौकीत एकानं अर्ज घेतला, वाचला, बाजूच्याला दाखवला आणि मला म्हणतो, 'मॅडम, सशासाठी वीस हजार? एवढ्यात पिंजऱ्यासकट दहा ससे आले असते की.' दोघं हसले. मी पोच मागितली तर शिक्केवाला जेवायला गेलेला, दीड तास बाकावर बसले पण शिक्का घेऊनच उठले. तुम्हीही घ्या, शिक्क्याशिवाय उठू नका. माझी गाय चोरीला गेली असती तर हसला असता का तो? चूक माझी आहे, मान्य, शंभरदा मान्य, पण टिंगल ऐकायला मी टॅक्स भरत नाही.

आतापर्यंत एवढंच झालंय की समोरच्या खात्यात उरलेले १,३१२ रुपये होल्ड झालेत. बाकीचे माझा फोन लागायच्या आतच पुढच्या खात्यात गेले होते. म्हणून बँकेत, चौकीत नंतर जा, आधी १९३०, त्याच मिनिटाला. मी आधी पंधरा मिनिटं त्या चोराशी भांडत बसले.

आणि भोपळ्याचं? रविवारी सकाळी लाज सोडून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अहो, रोजचे पेलेट्स आहेत ना घरात, कोमट पाण्यात भिजवा, मिक्सरमधून फिरवा, गाळा, हवं तर उकडलेला लाल भोपळा घाला चमचाभर, आणि भरवा. मिक्सर माझ्या उजव्या हाताला होता, शनिवारी सबंध दिवस. भोपळ्याला भोपळा भरवला, रात्रीपर्यंत लेंड्या सुरू. सिरिंज मात्र सरळ घशात मारायची नाही, गालाच्या बाजूनं, थोडं थोडं, तो गिळतोय ना बघत. कानात आपापलं काही ओतायचं नाही, कापसाच्या काड्या घालायच्या नाहीत. पिंजऱ्यात कडेनं टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या, कलंडला तरी लागू नये म्हणून. सहा आठवडे औषध झालं, आता उड्या मारतो, मान थोडी वाकडी राहिलीय, ती कदाचित तशीच राहील.

ते पेज परवा परत दिसलं. नाव नवीन, व्हिडिओ तेच, 'माय बनी इज ईटिंग नाऊ' पण तेच. मी खाली लिहिलं की हा चोर आहे. चार मिनिटांत मला ब्लॉक केलं.