20 प्लेटांचा बीअर फिल्टर, होळी ते दिवाळी: आयपीए यातून घालावी का?

आधीच सांगतो, हा फिल्टर टपकतो. पहिल्या दिवशी टपकला, गॅस्केट बदलल्यावर टपकला, आणि गेल्या आठवड्यात तर बॅच अर्धी झाली असताना मागच्या प्लेटांमधून अशी धार लागली की पंप बंद करून पाना हातात घ्यावा लागला. म्हणून आज लिहायला बसलोय. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही.

मशीन नेहमीचंच. बीअर गाळणारे 40 बाय 40 सेंटिमीटरचे पॅड, ते धरणाऱ्या 20 प्लेटा, खाली चाकं, बाजूला पंप. आमची मायक्रोब्रूअरी इंदूरला विजयनगरच्या बाजूला, बॅच 500 लिटरची. इतकी वर्षं न गाळताच विकत होतो, मग आता खर्च कशाला? तर इंदूरच्या गिऱ्हाइकासाठी. इथल्या माणसाला बाटलीतली चकचकीत लागर माहीत. गढूळ ग्लास समोर आला की तो उजेडात धरतो आणि वेटरला म्हणतो, "भिया, ये तो फट गई." हे दर शनिवारी ऐकून मालक वैतागले आणि फिल्टर आला.

लागरचं काम फिल्टर उत्तम करतो, त्यावर जास्त बोलत नाही. कोल्शचंही, म्हणजे जर्मनीतल्या कोलोन शहराच्या बीअरचंही, तसंच. तिथे तर गाळणं परंपरेतच बसतं. कोलोनच्या ब्रूअरींनी 1986 साली जो करार केला, त्यात कोल्श फिक्या रंगाची, हॉप्सचा (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) ठसा असलेली आणि नितळ असावी असं ठरलेलं आहे. म्हणजे गाळलं की हॉप्स गेलेच, हे सरसकट खरं नाही. माझं भांडण आयपीएवरून, म्हणजे हॉप्स भरपूर घातलेल्या कडवट, वासाच्या बीअरवरून आहे.

पहिले दोन महिने माझं मत साफ होतं: आयपीए यातून घालणं म्हणजे पैसे देऊन चव काढून टाकणं. टँकमधून घेतलेल्या नमुन्याला संत्र्याच्या सालीचा, कच्च्या आंब्याचा वास भरभरून यायचा. फिल्टरच्या दुसऱ्या टोकाला तीच बीअर सोनेरी, आरपार दिसणारी, फोटोला देखणी; पण नाक ग्लासात घातलं तर अर्धा कार्यक्रम संपलेला. तोंडातला भरीवपणाही कमी.

यातलं किती पॅडमुळे होतं, ते बघायला हवं. हॉप्सचा कडवटपणा मुख्यतः आयसो-अल्फा अ‍ॅसिडचा. ती बीअरमध्ये विरघळलेली असतात, त्यामुळे 1 मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) पॅडमधूनही पार होतात. पॅड अडवतो तो यीस्ट, ज्याची पेशी साधारण 5 ते 10 मायक्रॉनची असते, आणि त्याबरोबर प्रथिनं व पॉलिफेनॉल (धान्यातली आणि हॉप्समधली तुरट द्रव्यं) एकत्र येऊन झालेला गाळ. आता थोडा कडवटपणा यीस्टच्या अंगालाच चिकटलेला असतो, तो यीस्टबरोबर जातो. वासाच्या तेलांचंही तसंच. मायर्सीन, म्हणजे तो हिरवा, चिकाचा, रानटी वास, पाण्यात फारसा विरघळत नाही. तो यीस्टला आणि गाळाला धरून बसतो, गाळ गेला की तोही गेला. लिनॅलूल, म्हणजे फुलांचा वास, त्या मानाने बीअरमध्ये टिकतो. म्हणून गाळलेली आयपीए निर्वास होत नाही, तिचा रानटीपणा जातो. आणि घशात जी हॉप्सची खरखर लागते, ड्राय हॉप, म्हणजे वासासाठी न उकळता थेट टँकमध्ये घातलेले हॉप्स, जास्त झालं की हमखास लागते, तीही बरीचशी त्या गाळाचीच. गाळल्यावर कडवटपणा आकड्यात थोडा उतरतो, पण जिभेला जास्त स्वच्छ कळतो.

हे कागदावर पटतं. प्रत्यक्षात बघावं म्हणून एकाच बॅचची अर्धी बीअर गाळली, अर्धी तशीच ठेवली आणि रात्री बंद करताना किचनच्या पोरांना आणि वेटरांना स्टीलच्या पेल्यांतून दिली, म्हणजे रंग दिसायला नको. काचेच्या ग्लासात जे सगळे गढूळवालीला "फ्रूटी" म्हणायचे, त्यांच्यात स्टीलच्या पेल्यावर भांडणं लागली. तंदूरवाल्याने गाळलेली बीअर उचलून ही जास्त कडक आहे म्हणून सांगितलं. आमच्या मालकांनीही तीच उचलली आणि दोन दिवस मला ऐकवत होते. गढूळ दिसलं की माणूस फळांचा रस आहे असं धरूनच पितो. अमेरिकेत व्हरमाँटच्या द अल्केमिस्ट ब्रूअरीने 2004 साली हेडी टॉपर ही गढूळ आयपीए बनवली, पुढे तिच्यासारख्या बीअरची लाट आली, 2018 मध्ये अमेरिकेच्या ब्रूअर्स असोसिएशनने हेझी, म्हणजे गढूळ आयपीएला स्वतंत्र वर्गच दिला. आता गढूळपणा हीच जाहिरात झाली आहे. विजयनगरला मात्र अजून ती "फटी हुई"च.

तरी नाकातला फरक माझ्या मनातून जात नव्हता. तो पॅडने समजावता येतो त्यापेक्षा जास्त होता.

इथे टपकण्याकडे परत येतो, कारण माझे सगळ्यात जास्त तास त्यातच गेलेत. प्लेट फिल्टर थोडा टपकतोच. पॅड कागदी लगद्याचा, त्याची कड प्लेटांच्या बाहेर उघडी राहते आणि तिथून बीअर पाझरते. कंपनीचा माणूसही आला तेव्हा हेच म्हणाला: "सर, प्लेट फिल्टर में इतना तो चलता है." ठीक, चलता है. पण मग खालचा ट्रे प्लेटांच्या रांगेपेक्षा चार बोटं आखूड का? शेवटच्या प्लेटांचं टपकणं थेट फरशीवर. फरशी चिकट, मग चिलटं, मग हेल्परची चिडचिड. ट्रे लांब करून द्या म्हटलं तर म्हणे डिझाइन स्टँडर्ड आहे, आणि व्हिजिट चार्ज लागेल. व्हिजिट चार्ज, टपकतंय हे बघायला! शेवटी सांवेर रोडच्या एका फॅब्रिकेटरकडून स्टीलचा लांब ट्रे करून घेतला, एका टोकाला तोटी, खाली बादली. बादलीत जमलेली बीअर ओतून देताना दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. पॅडमध्ये मुरलेली वेगळी. सुरुवातीला पाणी आणि शेवटी बीअर-पाणी मिसळलेलं, तेही गटारात. गाळणं स्वस्त आहे असं म्हणणाऱ्याने आधी बादली मोजावी.

गॅस्केटसाठी सियागंज गाठलं. तिथल्या दुकानदाराने रबर बोटाने दाबून बघितलं आणि एका मिनिटात सांगितलं की हे बीअरच्या कामाचं नाही, गरम पाण्यात कडक पडतं. फूड ग्रेड सिलिकॉनचं घेतलं. तेच गॅस्केट पंपाच्या आत येणाऱ्या तोंडालाही बसवलं, आणि त्या दिवशी साइट ग्लासमधून, म्हणजे आतली बीअर दिसते त्या काचेतून, जाणारे बारीक बुडबुडे थांबले. प्लेटांमधून बीअर बाहेर येते ते दिसतं, म्हणून आपण तिकडे ओरडतो. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला ढिला जोड असला तर तिथून काही बाहेर येत नाही, हवा आत जाते. हॉप्सवाल्या बीअरला ऑक्सिजन म्हणजे विषच. आधी ताजा वास मरतो, मग रंग मळकट तपकिरीकडे जातो, आणि पुढे ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. त्यानंतर मी रिकामा फिल्टर, होज आणि पुढचा टँक आधी सीओटूने भरून घेतो, पहिली बीअर हळू सोडतो. माझं मत इथे बदललं. नाकातला जो अर्धा कार्यक्रम संपायचा, त्यातला मोठा हिस्सा हवेने नेलेला होता, पॅडने थोडाच.

म्हणजे आता सगळं गोड? नाही. मे महिन्यात दुपारी गाळलेली पेल एल फिल्टरच्या तोंडाशी आरशासारखी नितळ आणि गिऱ्हाइकाच्या थंड ग्लासात पुन्हा धुरकट. हा थंडीतला गढूळपणा. प्रथिनं आणि पॉलिफेनॉल थंडीत एकमेकांना धरतात, गरम झालं की सोडतात. टँक शून्य अंशाला होता, पण होज 42 अंशांच्या हवेत लोळत होता. वाटेत बीअर तापली, गाळ विरघळला, पॅडमधून पार झाला आणि ग्लासात परत भेटला. तेव्हापासून उन्हाळ्यात रात्रीच गाळतो आणि होजला फोमची नळी गुंडाळतो. मॅन्युअलमध्ये यावर एक ओळ नाही, गुळगुळीत कागदावर कंपनीच्या कारखान्याचे फोटो मात्र भरपूर.

सध्याची पद्धत अशी. लागर आणि कोल्श बारीक पॅडमधून. वेस्ट कोस्ट धाटणीची, म्हणजे नितळ आणि कडवट आयपीए जाड पॅडमधून, 5 ते 7 मायक्रॉनच्या. यीस्टचा बराच भार उतरतो, पण हलकी झाक राहते आणि वासही. तिला ड्राय हॉपचा हात थोडा वाढवला आहे, कारण हॉप्स महाग असले तरी अळणी आयपीए त्याहून महाग पडते. गाळल्यावर ड्राय हॉप करूनही पाहिलं. वास सुंदर, पण हॉप्सचे पॉलिफेनॉल पुन्हा गढूळपणा आणतात, मग गाळली कशाला? ओट्सवाली हेझी तर फिल्टरच्या जवळपासही नेत नाही. तिची प्रथिनं पॅड इतक्या लवकर बुजवतात की दाबाचा काटा दीड बारकडे धावतो, आणि जे उरतं ते तिच्या चाहत्यालाही नको असतं.

घ्यावा का? मेन्यूत लागर जास्त खपत असेल तर घ्या, ऑर्डर देण्याआधी ट्रेची लांबी टेपने मोजा, गॅस्केट कशाचं ते लेखी घ्या. सगळी भिस्त आयपीएवर असेल तर हेच पैसे चिलरवर घाला. शून्य अंशाला चार दिवस जास्त ठेवलेली बीअर बरीच निवळते, आणि बादली भरत नाही.

पॅडचं एक राहिलं. खरखरीत बाजू बीअर येते त्या तोंडाकडे, गुळगुळीत बाजू गाळलेली बीअर बाहेर पडते तिकडे. नवीन माणूस हमखास उलटे लावतो. लावल्यावर गरम पाणी भरपूर सोडा, नाहीतर पहिल्या पिंपात कागदाची चव उतरते. आणि पेट्या एका वेळी एकच मागवा. पावसाळ्यात उघडी पेटी स्टोअरमध्ये फिनाइलच्या डब्याशेजारी राहिली की तो वास पॅड धरतो, मग कितीही धुवा.