फायबर टॉवरपर्यंत आहे, दादा

४,२४८ रुपये. इंटरनेटचा महिना ४५०चा प्लॅन, वर १५० 'गेमिंग पॅक'चे, असे सहा महिने आगाऊ, त्यावर १८ टक्के जीएसटी. साताऱ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये आलेल्या एजंटच्या हातात रोख ठेवले, कारण तो दोनच शब्द घोळवत होता: फायबर, म्हणजे काचेच्या तारेतून येणारं नेट, आणि लो पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ कमी (मिलिसेकंदात मोजतात).

जोडायला आलेल्या पोराने गच्चीवर ताटलीएवढी डिश ठोकली आणि खिडकीतून निळी लॅन केबल आत घेतली. विचारलं, "फायबर कुठंय?"

"फायबर टॉवरपर्यंत आहे, दादा. पुढं हवेतून."

तिथंच त्याला हाकलायला हवं होतं. पण त्याने स्पीड टेस्ट दाखवली, ९८ एमबीपीएस, पिंग ४, आणि मी भुललो. ती टेस्ट त्यांच्याच सर्व्हरवर चालली होती, हे फार उशिरा लक्षात आलं.

दुपारी व्हॅलोरंट (ऑनलाइन नेमबाजीचा गेम) झकास, मुंबई सर्व्हरला पिंग २०. रात्री नऊनंतर १४०, मध्येच ३००. समोरचा कोपऱ्यावर दिसायचा आणि मी गोळी झाडेपर्यंत मीच आडवा. टीममधल्यांच्या शिव्या वेगळ्याच.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर: "स्पीड येतोय ना?" येतोय की! पण गेमला डेटा लागतो यूट्यूबच्या व्हिडिओपेक्षाही कमी; तो वेळेवर पोचायला हवा. टॉवरच्या एका अँटेनावर अख्खी गल्ली, सगळे मालिका लावून बसले की माझ्या डेटाची पॅकेट्स रांगेत. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपर्यंत तीनशे किलोमीटर तार धरली तरी जाऊन-येऊन तीन मिलिसेकंद. रात्री वाढणारे शंभर-दोनशे निव्वळ रांगेचे, आणि त्या रांगेत माझा दीडशेचा पॅक काय दिवे लावणार?

पिंगचे स्क्रीनशॉट पाठवले, शंभरात सात-आठ टाइम्ड आऊट, म्हणजे उत्तरच आलं नाही. एजंट म्हणाला, "पावतीवर फायबर लिहिलंय का?" पाहिलं. 'इंटरनेट, ६ महिने.' एवढंच. जीएसटी नंबरही नाही, १८ टक्के मात्र वसूल.

तेव्हा पैसे काढण्याआधी घरात काय येतंय ते बघा. खरं फायबर असेल तर केसासारखी काच असलेली बारीक तार येते, टोकाला हिरवी किंवा निळी पिन, आणि मोडेमच्या डब्यावर 'पॉन' (PON) लिहिलेला दिवा. सुरुवातीला एकाच महिन्याचे पैसे द्या, तेही यूपीआयने. आणि रात्री दहाला खेळून बघा, दुपारी नको.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. डिश अजून गच्चीवरच. परवा तिच्या दांड्याला कुणीतरी कपड्यांची दोरी बांधली.