खोताच्या वाडीतली पायी फेरी: जरूर करा, पण लहान गटातच

माझं लहानपण मुंबईच्या गिरगावात गेलं. तरीही तिथल्याच खोताच्या वाडीत, जुन्या घरांच्या त्या वस्तीत, कोण कुठून आलं, हे नीट कळलं ते परवाच्या रविवारच्या फेरीत.

वाडी वसवली दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनदाराने. त्याच्याकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरं बांधली. आम्ही त्यांना सरसकट 'गोव्याचे' म्हणायचो, ते साफ चूक. हे इथलेच कोळी, भंडारी, कुणबी. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, पण घरात मराठीच राहिली. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली तेव्हा, मुद्दाम घेतलं. नोकऱ्यांसाठी गोवा-मंगळूरहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, हे सरकारला कळावं म्हणून. गाईडने हे फार छान उलगडलं.

एका ओट्यावर आजींनी बॉटल मसाला दाखवला. बिअरच्या गडद बाटलीत ठासून भरलेला, तोंडाला घट्ट बूच. "उन्हाळ्यात कुटतो, वर्षभर पुरतो," म्हणाल्या. बूच काढताच आलेला वास अजून माझ्या ओढणीला आहे.

तक्रार एकच, पण मोठी. आम्ही तीस जण होतो. गल्ली इतकी अरुंद की मागच्यांना काही ऐकू येईना, आणि काही जण चक्क लोकांच्या खिडक्यांतून फोटो काढत होते. गाईडने एकदाही अडवलं नाही. तिथे माणसं राहतात हो! दहाच्या वर माणसं घेऊच नयेत.