हँडीकॅमचं हेड ‘गेलंय’ म्हणतात तेव्हा

"काका, व्ह्यूफाइंडरला वेगळं हेड असतं आणि टीव्हीला वेगळं." असं कुणी दुकानदार सांगू लागला, तर पुढचं काही न ऐकता कॅमेरा उचला आणि बाहेर पडा. (हेड म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा भाग, व्ह्यूफाइंडर म्हणजे कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी.) ठाणे स्टेशनच्या परिसरातल्या एका दुकानात माझ्या बाबांना हेच ऐकवून ६,४०० रुपये उकळले. तक्रार चालू आहे म्हणून दुकानाचं नाव देत नाही.

कॅमेरा आठ मिलिमीटर कॅसेटचा, काकाने मस्कतहून आणलेला. ताईच्या लग्नाची १९९६ सालची टेप त्याच्यावरच चालते. बाबांनी माळ्यावरून कॅमेरा काढला, ॲडॉप्टर लावला, टेप घातली. व्ह्यूफाइंडरमध्ये ताई कृष्णधवल पण अगदी स्वच्छ दिसली. टीव्हीला जोडला तर पडदा निळाच, वर स्पीकरमधून घर्रर्र असा आवाज. मी ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होतो, तेवढ्यात बाबा कॅमेरा घेऊन दुकानात गेले. तिथल्या माणसाने काउंटरवर जोडून पाहिला आणि लगेच निदान केलं: हेड गेलंय, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावं लागेल. बाबा म्हणाले, अहो पण व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतंय की! त्यावर वरचं वाक्य.

ते साफ खोटं आहे. टेपवरचं चित्र वाचतं ते फिरत्या ड्रमवरचं हेड. त्याने वाचलेलं चित्रच पुढे व्ह्यूफाइंडरला जातं आणि एव्ही आउटला, म्हणजे टीव्हीची केबल लावायच्या जॅकलाही. म्हणजे डोळा लावल्यावर टेप नीट दिसत असेल, तर टेप आणि हेड दोन्ही ठीक. बिघाड त्याच्या पुढे आहे. जॅक, केबल, टीव्हीचा इनपुट, फार तर आउटपुटचं सर्किट. हेड खरंच मळलेलं असेल तर मुंग्या दोन्हीकडे दिसतात. आणखी एक तपासणी घरबसल्या होते. टेप न लावता कॅमेरा मोडमध्ये ठेवा. या मोडमध्ये हेडचं काही कामच नसतं. तरीही टीव्हीवर चित्र येत नसेल, तर हेडला दोष देणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा लबाड. आमचा दुसऱ्या जातीचा निघाला, कारण त्याने पुरावाही तयार ठेवला होता.

कॅमेरा परत देताना त्याने बाबांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक चकचकीत ड्रम ठेवला. "हा तुमचा जुना पार्ट काका, आम्ही लपवाछपवी करत नाही." बाबा खूश. घरी आल्यावर मी तो हातात घेतला आणि जरा जडच वाटला. पट्टी लावली: ६२ मिलिमीटर व्यास. हा व्हीएचएसचा ड्रम, घरच्या जुन्या व्हीसीआरमध्ये असायचा तो. आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याचा ड्रम फार तर ४० मिलिमीटरचा असतो. हिशोब नको असेल तर कॅसेटच शेजारी ठेवा. आठ मिलिमीटरची कॅसेट ९५ बाय ६२.५ मिलिमीटर, म्हणजे तो ड्रम कॅसेटच्या रुंदीएवढा भरला. तो आमच्या कॅमेऱ्यातून निघणं शक्यच नव्हतं.

मग कॅमेरा ‘दुरुस्त’ कसा झाला? सोबत दिलेल्या ‘फ्री’ केबलमुळे. आमची केबल जुन्या सेट-टॉप बॉक्सची होती. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची चार कड्यांची पिन, दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी, लाल. दिसायला सगळ्या अशा केबली सारख्याच, पण कोणत्या कडीवर चित्र, कोणत्यावर आवाज आणि कोणत्यावर ग्राउंड हे कंपनीगणिक बदलतं. मी आमचीच जुनी केबल पुन्हा लावली: निळा पडदा, घर्रर्र. कॅमेरा ट्यूबलाइटकडे वळवला की घरघर बदलायची. चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेने स्पीकरमध्ये जात होता, त्याची ती घरघर. लाल पिन काढून टीव्हीच्या पिवळ्या भोकात घातली आणि समोर आमचा हॉल, रंगीत. ६,४०० रुपयांची दुरुस्ती ही एवढीच होती. (नव्या टीव्हीला पिवळं भोक नसेल तर बहुतेक वेळा हिरव्या भोकाशेजारी ‘व्हिडिओ’ असंही लिहिलेलं असतं, पिवळी तिथे लावा आणि सोर्स ‘एव्ही’ निवडा.)

खात्रीसाठी कळव्याच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्याने कॅमेरा उघडून दाखवला. ड्रमच्या बुडाशी वर्षानुवर्षांची धूळ जशीच्या तशी, स्क्रूच्या खाचेवर ओरखडाही नाही. हेड बदललं असतं तर टेपची वाट नव्याने जुळवावी लागली असती, त्याला अलाइनमेंट टेप (जुळणीसाठीची नमुना टेप) आणि स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लागतो, म्हणाला. त्या दुकानात मोबाइलच्या कव्हरांशिवाय फारसं काही नव्हतं. सफाईचे त्याने ३०० रुपये घेतले, तेही मागून नव्हे.

ड्रम घेऊन मी दुकानात गेलो. आधी "पोराने चुकून दुसरा दिला." मग "कॅमेरा ठेवून जा, आमचं नवं हेड काढून घेतो, पैसे घेऊन जा." ही धमकी होती, कारण काढायच्या निमित्ताने तो खरं हेड मोडणार हे उघड होतं. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे रक्कम लिहिली होती ना, तेच बिल. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे सांगितल्यावर आवाज थोडा खाली आला.

बाबांनी पैसे यूपीआयने दिले होते ते फार बरं झालं. तो स्क्रीनशॉट, कार्डाची मागची बाजू आणि पट्टी ठेवून काढलेला ड्रमचा फोटो जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. असा कॅमेरा कुठेही देताना टेप मात्र घरी ठेवा, तपासायला एखादी फालतू टेप पुरते. कॅमेरा दुसरा मिळेल, लग्न दुसरं मिळणार नाही.

परवा दुकानातून बाबांना फोन आला. "काका, तीन हजार घ्या आणि मिटवू या." बाबा म्हणाले, आधी मला सांग, टीव्हीचं वेगळं हेड कॅमेऱ्यात नेमकं कुठे असतं? पलीकडून फोन ठेवला गेला.