माय मंगळवारी नाचायला जाते

मंगळवारी सकाळी मायचं धुतलेलं पातळ घेऊन खोलीत गेलो की ती माझ्याकडे बघते आणि म्हणते, "दादा, उना का तू?" म्हणजे आलास का. दादा म्हणजे माझा मोठा मामा. त्याला जाऊन अठरा वर्षं झाली. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मायच्या डोक्यात आता नवं पातळ नेसून बाहेर पडायचं म्हणजे मुऱ्हाळी आला, एवढंच पक्कं राहिलंय. आधी मी तिला दुरुस्त करायचो. "माय, मी तुझा पोरगा. दादा कुठून येणार?" मग ती रडायची, कारण भाऊ गेल्याची बातमी तिला दर वेळी नव्यानेच कळायची. आता मी "हा, उनू" म्हणतो आणि हात पुढे करतो. हे मला ज्या वर्गात उमगलं, त्या वर्गाबद्दल लिहितोय.

वर्ग धुळ्यात, देवपूर भागात, एका कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरतो. दर मंगळवारी सकाळी ११ ते १२. भरतनाट्यम शिकवणाऱ्या एक ताई तो घेतात. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालेली दहा माणसं, आठ बाया आणि दोन पुरुष, प्रत्येकासोबत घरचं एक माणूस. फी महिन्याला ५०० रुपये. ताईंनी सांगितलंय की एवढीच माणसं त्यांना सांभाळता येतात, नाव छापून गर्दी करू नका, म्हणून नाव देत नाही. पण असा वर्ग तुमच्या गावात कुणी सुरू केला, तर काय बघून न्यावं हे तुम्हाला कळावं.

माय ८२ वर्षांची. माहेर अमळनेरजवळचं, बोली अहिराणी. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला, म्हणजे स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार. त्याआधी दीड वर्ष आम्ही सगळे "वय झालं, विसरायचंच" म्हणत बसलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं. देशात साठीच्या पुढच्या माणसांमध्ये शेकडा सातच्या वर लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास. शहरापेक्षा खेड्यात त्याचं प्रमाण जास्त आढळलंय. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या निदान तीन म्हाताऱ्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. त्यांना सगळे 'भ्रमिष्ट' म्हणून सोडून देत होते.

नाचाचं पहिल्यांदा सुचवलं ते लंडनला असलेल्या भाचीने. तिकडे 'अकादमी' नावाची संस्था आहे, तारा राजकुमार यांनी १९७९ साली सुरू केलेली. आपल्याकडचं नृत्य घेऊन ते म्हाताऱ्या माणसांमध्ये, स्मृतिभ्रंश असलेल्यांमध्येही काम करतात. भाची म्हणाली, "मामा, तिथे आज्ज्या खुर्चीत बसून मुद्रा करतात." मला ते पटलं नाही. मायला मी नाचताना आयुष्यात एकदाच पाहिलंय, कानबाई देवीच्या मिरवणुकीत, तेही डोक्यावरचा पदर एका हाताने घट्ट धरून. ती भरतनाट्यम करणार? पण देवपुरात असा वर्ग आहे असं दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं आणि बायको म्हणाली, नेऊन तर बघू.

पहिले तीन मंगळवार वाया गेले असं मी म्हणालो असतो. माय खुर्चीत हातावर हात ठेवून बसली. एकदा उठून दाराकडे गेली. ताई तिच्या मागे धावल्या नाहीत, "आजी, बसा" असंही म्हणाल्या नाहीत. त्याच तालात हात हलवत दारापर्यंत तिच्यासोबत चालत गेल्या, दाराशी वळल्या, आणि माय त्यांच्याबरोबर वळली. दोघी परत खुर्चीपाशी आल्या. त्या दिवशी मला वाटलं, या बाईला काहीतरी कळतंय.

ताईंच्या हातात एक लाकडी दांडकं असतं आणि समोर लाकडाचा ठोकळा. त्याच्यावर ठेका धरून त्या तोंडाने बोल म्हणतात. गाणं नंतर, आधी हा ठेका. पाय जमिनीवर सपाट, मग टाच, मग चवडा, सगळं बसूनच. कुणी चुकलं तर दुरुस्ती नाही. कुणाला नाव विचारत नाहीत, आज वार कोणता विचारत नाहीत, "मला ओळखलंत का?" हा आपल्या सगळ्या नातेवाइकांचा लाडका प्रश्न तर तिथे बंदच आहे. मायला घरी आलेला प्रत्येक माणूस परीक्षा घेतो. तिथे तासभर कुणी घेत नाही.

चौथ्या की पाचव्या मंगळवारी ताईंनी एक मुद्रा दाखवली. मूठ, अंगठा वर, आणि अंगठ्याच्या टोकावर पहिलं बोट दुमडलेलं. कपित्थ म्हणतात तिला. ताई म्हणाल्या, लक्ष्मीच्या हातात फूल असतं ना, तसं धरा. बाकीच्यांनी छातीपाशी हात धरले. मायने स्वतःच्या मुठीकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही मुठी खाली नेल्या, गुडघ्यांच्या मध्ये, आणि एकेक करून ओढायला लागली. डावा, उजवा, डावा, उजवा. ठोकळ्याच्या ठेक्यावर नव्हे, तिच्या स्वतःच्या. गुडघे तिने आवळून घेतले होते, मध्ये चरवी धरल्यासारखे. पाठ वाकलेली, मान डावीकडे, गाईच्या पोटाला टेकवल्यासारखी. फिजिओथेरपीवाला मुलगा दोन महिने "आजी, गुडघे आवळा" म्हणून थकला होता आणि तिने एकदाही ऐकलं नव्हतं.

ताईंनी ठेका थांबवला. मग मायच्या हाताकडे बघून तिच्या गतीने तो परत सुरू केला. हळूहळू बाकीच्या बायांनीही हात खाली नेले. आठपैकी सहा जणींनी तरी जन्मात कधीतरी धार काढलेली असणार. हॉलमध्ये दहा माणसं बसून धार काढत होती. मायने माझ्याकडे वळून विचारलं, "वासरू सोडं का?" चाळीस वर्षांपूर्वी ते माझंच काम होतं. आधी वासराला पाजायचं, मग ओढून बांधायचं. मी म्हटलं, "सोडं." तिने मान डोलावली आणि पुढे चालू ठेवलं. तेवढ्या पाच मिनिटांत मी मामा नव्हतो, पोरगा होतो.

नंतर ताईंनी सांगितलं की 'अभिनयदर्पण' या जुन्या ग्रंथात या मुद्रेचे जे वापर दिलेत, त्यात गोदोहन आहेच, म्हणजे गाईची धार काढणं. माय चुकली नव्हती, शास्त्रातच होती. हे सांगताना ताईंचे डोळे भरले होते. माझेही.

मी ३५ वर्षं साक्री रोडला शिलाईचं दुकान चालवतो. सुईत दोरा ओवताना मी विचार करत नाही, हात करतो. डॉक्टरांनी मला हेच समजावलं. या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर मार खातो, म्हणून सकाळी काय खाल्लं ते राहत नाही. हाताच्या सवयीचं, तालाचं, जुन्या गाण्याचं जे शिक्षण असतं ते मेंदूत दुसरीकडे असतं आणि बरंच उशिरापर्यंत टिकतं. माय माझं नाव विसरली, चरवी कशी धरायची ते विसरली नाही.

पण खोटं सांगणार नाही. मायची आठवण परत आलेली नाही. डॉक्टरांच्या ३० गुणांच्या चाचणीत तिला आधी १४ होते, आता १२ आहेत. "नाचाने डिमेन्शिया बरा होतो" असे मेसेज फिरतात, ते पुढे पाठवू नका. २००३ साली अमेरिकेत पंचाहत्तरीपुढच्या ४६९ माणसांचा एक अभ्यास छापून आला होता. त्यात शरीराच्या हालचालींच्या छंदांपैकी फक्त नाचणाऱ्यांमध्ये हा आजार कमी दिसला. पण ती माणसं सुरुवातीला धडधाकट होती. ते तुमच्या-माझ्या कामाचं आहे, मायच्या नाही. मायला काय मिळतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करतो. दिवेलागणीला तिची रोज घालमेल सुरू होते, "घर जानं शे", घरी जायचंय, म्हणत ती दाराची कडी ओढत राहते. आतापर्यंतच्या ३८ मंगळवारांपैकी २५ मंगळवारी संध्याकाळी तिने कडीला हात लावला नाही. जेवली आणि झोपली. आणि माझ्या बायकोला, जी मायचं सगळं करते, आठवड्यातले दोन तास सुटे मिळतात. त्यात ती काय करते ते मी विचारत नाही.

आता तक्रारी. पहिली, जिना. २२ पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. चढताना हात मिळतो, उतरताना कठडा मायच्या अधू हाताकडे येतो. खाली खोली घ्या असं मी तीनदा सांगितलंय. दुसरी, खुर्च्या. कार्यालयाच्या प्लॅस्टिकच्या आहेत, गुळगुळीत फरशीवर सरकतात, आणि काहींना हात नाहीत. आम्ही आता खुर्चीखाली गोणपाट टाकतो. तिसरी मोठी. दिवाळीच्या सुमारास मदतीला आलेल्या एका मुलीने वर्गाचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला, त्यात मायचा पदर खांद्यावरून सरकलेला होता. आयुष्यभर जिने पदर पडू दिला नाही तिचा. मी फार बोललो. ताईंनी तो व्हिडिओ स्टेटसवरून काढून टाकायला लावला, घरी येऊन मायचे पाय धरले, आणि तेव्हापासून सगळ्यांचे फोन दाराशी टोपलीत जातात. पण आधीच हे ठरलेलं असायला हवं होतं. तुम्ही कुठे नाव घालाल तर पहिल्या दिवशी हे विचारा.

गाण्यांचंही सांगतो. सुरुवातीला सगळं संस्कृत आणि तमिळ होतं. ऐकायला गोड, पण बाया नुसत्या बघत बसायच्या. भाद्रपद पौर्णिमेला आमच्याकडे गुलाबाई बसतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणायचा बायांचा सण, तेव्हा ताईंनी टिपऱ्या आणल्या आणि म्हणाल्या, तुम्ही म्हणा, मी शिकते. एका आज्जीने पहिली ओळ उचलली. ती तीन महिन्यांत तोंडातून शब्द काढत नव्हती. मग कोजागिरीपर्यंत दर मंगळवारी गुलाबाईची गाणी झाली, टिपरी बसल्या जागी शेजारणीच्या टिपरीला. ताईंनी ती सगळी वहीत उतरवून घेतलीत. एवढं शिकून आलेली बाई खाली बसून म्हाताऱ्यांकडून गाणं लिहून घेते, यासाठीच मी पाचपैकी साडेचार देतो. अर्धा त्या जिन्याचा कापला.

वाईट दिवसही येतात. मागच्या महिन्यात मायने हॉलमध्ये माझ्या कानशिलात दिली आणि मी तिला परत घेऊन आलो. ताईंनी फोन करून एवढंच विचारलं, जेवली का?

एप्रिल-मेमध्ये धुळ्याचं ऊन माहीतच आहे, तेव्हा वर्ग सकाळी ८ वाजता असतो. येताना पाणी, एक जादा पातळ आणि मऊ तळव्याची चप्पल आणा, अनवाणी फरशीवर पाय सटकतो. लघवीला घरूनच नेऊन आणा, वरचा संडास भारतीय पद्धतीचा आहे आणि धरायला काही नाही. आणि अर्धा तास आधी पोहोचा. जिना चढल्यावर त्यांना थोडं टेकू द्यावं लागतं.